ढग उतरलेला डोंगर रंगवायचाय? ट्रेकला जाणाऱ्या नवख्यांसाठी जलरंगाची सुरुवात

जुलैमधे मावळातल्या तिकोना गडावर पोचलं की काय होतं सांगते. दम खात बसलेलो असतो, समोर पवना धरणाचं पाणी, त्याच्या पलीकडे तुंग गडाचं टोकदार डोकं मस्त काळंनिळं दिसत असतं, आपण सॅकमधून वही काढतो, पेन्सिल शोधतो, वर बघतो तर तुंग गायब. नुसतं पांढरं. पाच मिनिटांनी परत दिसतो पण आता फक्त टोक, खालचं सगळं नाहीसं, आणि मघाशी काळा होता तो आता फिक्कट राखाडी. मग माणूस वैतागतो, मोबाईलवर चार फोटो काढतो, घरी येऊन त्या फोटोवरून चित्र काढतो आणि त्या चित्रात पाऊसही नसतो आणि तुंगही नसतो.

मीसुद्धा अशीच सुरुवात केली होती, म्हणून ज्यांना ट्रेकची आवड आहे आणि आता वाटतंय की हे रंगवता आलं पाहिजे त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहून काढतेय. हवा बदलत राहणार, तिच्या मागे पळायचं नाही. वर असताना एकच वेळ पक्की करायची, ती वहीत टिपायची, आणि त्याच दिवशी घरी येऊन रंगवायची. बाकी जे आहे ते हे जमवण्यासाठी आहे.

आधी कुठे आणि कधी

पहिल्या दोन-तीन ट्रेकला रंग नेऊच नका. खरंच. पावसात रंगांची पेटी, पाणी, कागद सांभाळण्यातच जीव जातो आणि बघायचं राहून जातं. नुसती वही आणि पेन्सिल.

गड सोपा निवडा, म्हणजे वर पोचल्यावर बसायला वेळ आणि ताकद उरते. पुण्याकडच्यांना तिकोना, लोहगड, सिंहगड बरे. कळसूबाई १६४६ मीटर आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण तिथे पावसाळ्यात बऱ्याचदा माथ्यावर हात लांब केला तर बोटं दिसणार नाहीत असं धुकं असतं, तिथे काय रंगवणार. आषाढात घाटमाथ्यावर झड लागते, दिवसच्या दिवस ढगात. रंगवणाऱ्यासाठी सगळ्यात भारी दिवस श्रावणापासून पुढे, एक सर येते, जाते, मधेच ऊन, परत भुरभुर, असं तासाला चार वेळा बदलतं. सप्टेंबरमधे सोनकी फुलली की पठारं पिवळी होतात ते वेगळंच. शक्यतो मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी पायऱ्यांवर रांग असते आणि तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या चांगल्या उभ्या आहेत, तिथे थांबून बघत बसणं म्हणजे मागच्यांना त्रास. निघायच्या आधी चौकशी करा कारण पावसाळ्यात काही ठिकाणी प्रशासनाची बंदी असते. आणि वीज कडाडायला लागली की वही बंद करून टोकावरून खाली यायचं, शेवाळलेल्या कातळावर कड्याच्या काठाला बसायचं नाही, ओढ्याच्या पात्रात तर अजिबात नाही.

सॅकमधे काय

हाताएवढी वही, जाड पुठ्ठ्याची, ती झिपच्या पिशवीत. दोन रबरबँड, वाऱ्याने पानं उडतात म्हणून. ४बी किंवा ६बी पेन्सिल, कारण कागद जरा दमट झाला की एचबी पेन्सिल नुसती ओरखडे काढते आणि जेल पेनची शाई एका थेंबात पसरते. खोडरबर नको. बसायला प्लास्टिकची पिशवी किंवा जाड गोणपाट. छत्री खालच्या टप्प्यापर्यंत ठीक, माथ्यावर वारा ती उलटी करतो, त्यामुळे रेनकोट आणि मोठ्या काठाची टोपी, म्हणजे टोपीच्या काठाखाली वही धरता येते. मावळात भातलावणीला वाकलेल्या बायका डोक्यावरून प्लास्टिकची खोळ घेतात ना, तसं मोठं प्लास्टिक घेऊन त्याच्या आत वही धरून बसलं तर सगळ्यात उत्तम, मी आता तेच करते.

वर पोचल्यावर

पहिली दहा मिनिटं काहीही काढायचं नाही. फक्त बघायचं की वारा कुठून येतोय. पावसाळ्यात आपल्याकडे ढग पश्चिमेकडून, कोकणातून येतात, घाटाच्या कड्याला आपटून वर चढतात, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड करून बसलं की पुढच्या पाच मिनिटांत काय होणार ते आधीच कळतं. दरीतून धूर उठावा तसा ढग वर येताना दिसला की समजायचं की समोरचा डोंगर आता जाणार, जे बघायचं ते आत्ता बघून घ्या.

मग वहीच्या एका पानावर पत्त्याएवढ्या चार चौकटी आखा. पत्त्याएवढ्याच, मोठ्या नको, मोठी चौकट दिसली की हात तपशील भरायला लागतो. प्रत्येक चौकटीत फक्त तीन गोष्टी: कोरा कागद, मधला करडा आणि गडद. बास. झाडं नाहीत, दगड नाहीत, तटबंदी नाही. एका चौकटीला दोन मिनिटं. डोंगर बदलला तर तीच चौकट सुधारत बसायचं नाही, पुढच्या चौकटीत जायचं, हा नियम पाळला तरच पुढचं सगळं जमतं. नवीन माणूस काय करतो, पहिल्या मिनिटाचं आभाळ, चौथ्या मिनिटाचा डोंगर आणि दहाव्या मिनिटाचं ऊन एकाच चित्रात घालतो, आणि मग बघणाऱ्याला कळत नाही काय चुकलंय पण काहीतरी चुकलंय हे नक्की कळतं.

चौकटीखाली वेळ लिहा आणि दोन वाक्यं. माझ्या वहीतल्या एका चौकटीखाली असं आहे: "११:४०, पाणी आभाळापेक्षा उजळ. तुंगचा पाय नाही. पुढची सोंड एकदम काळी, ओली." (सोंड म्हणजे डोंगराची खाली उतरत पुढे आलेली धार.) त्या चौकटीवर एक थेंब पडला होता, तिथे पेन्सिल फिसकटून एक गोल डाग झालाय आणि तो डाग बघितला की मला ती सर, तो वारा सगळं आठवतं, फोटो बघून नाही आठवत. फोटो काढा, नको म्हणत नाही, पण मोबाईल स्वतःच्या मनाने उजेड सारखा करतो, पांढरं धुकं मळकट करतो आणि लांबचा फिकट डोंगर उगाच गडद करून दाखवतो, त्यामुळे आकार बघायला फोटो, उजेड-अंधार बघायला वही.

धुकं पायाशी आहे की डोक्यावर

हे मला खूप उशिरा कळलं. ढगातला डोंगर ढोबळमानाने दोन तऱ्हांचा असतो. एकात धुकं दरीत भरलेलं असतं, तेव्हा डोंगराचा माथा गडद आणि कड ठसठशीत असते आणि खाली येईल तसा तो विरत जातो. दुसऱ्यात ढग माथ्यावर बसलेला असतो, तेव्हा पायथा स्पष्ट, भातखाचरं स्पष्ट, आणि डोंगर वर जाता जाता पुसला जातो. रंगवायला घेण्याआधी हे ठरलेलं पाहिजे, आणि शक्यतो एका चित्रात एकच. शाळेत आपण सगळ्यांनी दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी काढलीय, त्यात डोंगर वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचा असतो, ती सवय हातात इतकी बसलेली असते की डोळ्याला वेगळं दिसत असूनही हात तसंच भरतो.

आणखी एक. सर येऊन गेली की हवा धुतली जाते आणि लांबचे डोंगर एकदम जवळ आल्यासारखे वाटतात, गडद निळे, कड कापल्यासारखी. म्हणजे लांबचं नेहमी फिकटच करायचं हा नियमसुद्धा डोळे मिटून लावायचा नाही. त्या वेळी काय दिसलं ते चौकटीत बघा.

आकाराबद्दल थोडं. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांनी बनलाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे एकावर एक बसलेले आडवे थर, म्हणून आपले डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात: कातळाचा उभा पट्टा, मग गवताचा उतार, परत कातळ, परत उतार, आणि वर बऱ्याचदा सपाट माथा. हिमालयाची व्हिडिओ ट्युटोरियल बघून शिकलेले लोक सह्याद्रीलाही टोकं काढतात आणि मग तो मावळ वाटतच नाही. तिकोन्याला लांबून बघितलं तर तो नावाप्रमाणे त्रिकोणी आहेच, पण जरा टक लावून बघा, त्या त्रिकोणाच्या बाजू सरळ नाहीत, टप्पे आहेत. ते टप्पे दोन-तीन जागी दाखवले की लगेच ओळखू येतो. पावसात कातळ ओला होऊन काळा होतो आणि गवत उजळ दिसतं, त्यामुळे हे पट्टे उन्हाळ्यापेक्षा जास्त उठून दिसतात.

घरी आल्यावर सामान

त्याच संध्याकाळी बसा, आंघोळ, चहा झाला की. दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं.

पैसे खर्च करायचे तर कागदावर करा, रंगांवर नाही. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर पाणी घातलं की तो फुगतो, त्याची लव निघते. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) जलरंगाचा कागद हवा, कॉटनचा मिळाला तर फारच छान, महाग आहे पण एक मोठा कागद कापून पोस्टकार्डाच्या मापाचे बरेच तुकडे निघतात आणि सुरुवातीला तेवढंच माप पुरतं.

रंग पाच: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, क्रिमसन. कॅमलच्या ट्यूब चालतात. ब्रश तीन, १० किंवा १२ नंबरचा गोल, एक इंची चपटा आणि बारीक कामाला ४ नंबर. दोन भांडी पाणी, जुनी सुती ओढणी किंवा बनियन पुसायला, मास्किंग टेप, आणि कागद चिकटवायला परीक्षेचं पॅड.

ढगांचा करडा ट्यूबमधल्या काळ्याने करू नका, मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त घातला की पावसाचा थंड करडा, सिएना जास्त घातला की ऊन येऊ घातलंय असा उबदार करडा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खड्ड्यांत बसतात आणि दाणेदार पोत येतो, तो धुक्यासारखाच दिसतो, त्याला ब्रशने घोळत बसू नका. आणि हिरवा, अरे देवा, पावसाळ्यातला हिरवा भल्याभल्यांना रडवतो. ट्यूबमधला सॅप ग्रीन सगळीकडे फासला की डोंगरावर प्लास्टिकची चटई अंथरल्यासारखं होतं. लेमन यलोत थोडा अल्ट्रामरीन आणि कणभर बर्न्ट सिएना घ्या, आणि खरा हिरवा फक्त अगदी पुढच्या उतारावर वापरा. मधल्या डोंगराला निळसर करडा आणि त्यात हिरव्याची नुसती चाहूल, लांबच्याला हिरवा नाहीच. फक्त लावणी झालेलं खाचर मात्र लांबूनही पोपटी चमकतं, तो एक तुकडा ठेवला तर चित्र जिवंत होतं.

आता चित्र, एकेक पायरी

समजा तीच ११:४०ची चौकट घेतली, पाणी, पलीकडे तुंग, पुढे काळी सोंड, धुकं पायाशी.

पेन्सिलीने तीन रेघा. पाण्याची कड, तुंगची बाहेरची रेघ, पुढच्या सोंडेची रेघ. अजून काही नको.

चपट्या ब्रशने वरचा अर्धा कागद स्वच्छ पाण्याने ओला करा आणि थांबा. कागद तिरका धरून डोळ्याच्या रेषेत आणा. पाण्याचं तळं दिसतंय तोवर रंग लावायचा नाही, रेशमासारखी नुसती चकाकी राहिली की लावायचा. आभाळाला अगदी पातळ करडा, तोही सगळीकडे नाही, जिथे ढग उजळ होता तिथे कोरा कागद सोडा. धुकं म्हणजे हाच सोडलेला कागद. मी लोहगडाच्या विंचूकाट्याचं पहिलं मोठं चित्र केलं तेव्हा आख्खी माची तटासकट तपशिलात रंगवली आणि शेवटी वरून पांढऱ्या रंगाने धुकं लावलं, ते खडूची पूड सांडल्यासारखं दिसलं आणि तीन संध्याकाळी वाया गेल्या. धुकं शेवटी लावता येत नाही, त्याची जागा सुरुवातीलाच राखावी लागते.

आभाळ पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. हाताची मागची बाजू कागदाला लावा, गार लागला तर अजून ओला आहे. पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं, माझ्याकडे मे महिन्यात दहा मिनिटांत वाळणारा थर जुलैत अर्धा तास तसाच असतो, पंख्याखाली ठेवला तरी. घाई असेल तर हेअर ड्रायर, पण लांबून.

आता तुंग. मध्यम गडद करडा-निळा भरपूर कालवून ठेवा, मधे संपला तर परत तसाच होत नाही. गोल ब्रशने वरची कड कोरड्या कागदावर ठामपणे ओढा, एका दमात, आणि आकाराच्या निम्म्यापर्यंत रंग आणा. लगेच दुसरा ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून ओढणीवर टिपून घ्या, म्हणजे दमट राहील, आणि रंगाच्या खालच्या काठावरून आडवा फिरवा. रंग आपोआप त्या ओलाव्यात उतरतो आणि विरतो. परत ब्रश धुवा, टिपा, अजून खाली फिरवा. दोन-तीन वेळात तो कागदात मिसळून नाहीसा होतो. ब्रश टिपला नाही तर जास्तीचं पाणी रंगात घुसून त्याला बाहेर ढकलतं आणि कोबीच्या फुलासारखी वेडीवाकडी कड येते. आली तर ओली असताना दुरुस्त करायला जाऊ नका, वाढतेच, वाळू द्या आणि बघा, कधीकधी तोच ढग म्हणून चालून जातो.

हीच एक हातखंडा युक्ती आहे, वर ठाम आणि खाली विरलेलं. ही जमेपर्यंत रद्दी कागदांवर वीस-पंचवीस वेळा करा, बाकी काहीही न रंगवता. ढग माथ्यावर असेल तर हेच उलटं करायचं, पायथा ठाम आणि वर विरवायचं.

जलरंग वाळला की फिकट होतो, म्हणून ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे. पहिल्यांदा हे करायला भीती वाटते, पण सगळ्या नवख्यांची चित्रं एकाच करड्यात अडकतात त्याचं कारण हेच.

पाण्याला आभाळाचाच रंग, चपट्या ब्रशने आडवे दोन फटकारे, मधे कोरी पट्टी सोडून. मग परत वाळू द्या आणि शेवटी पुढची सोंड, सगळ्यात गडद, जवळजवळ पाणी नसलेला रंग. ब्रश आडवा धरून घासत न्या म्हणजे कागदाच्या खड्ड्यांत पांढरं राहतं आणि ओला कातळ चमकल्यासारखा दिसतो. खालच्या कोपऱ्यात थोडा खरा हिरवा. गवताची पाती काढू नका, कारवीची चार पानंही नकोत. थांबा.

लांबवर पडणारी सर दाखवायची असेल तर रेघा मारायच्या नाहीत. आभाळाचा रंग ओला असतानाच पॅड उभं करा, रंग स्वतःच खाली ओघळतो, किंवा वाळायला आला की दमट चपट्या ब्रशने वाऱ्याच्या दिशेने तिरका एक पट्टा पुसून घ्या. धबधब्यालाही कागद कोरा सोडायचा, विसरलात तर तसाच ब्रशने रंग उचलायचा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलला जातो, प्रशियन ब्लू कागदाला धरून बसतो, म्हणून वरच्या पाचांत तो घेतला नाहीये.

कागद जपा

दमट हवेत जलरंगाचा कागद खराब होतो हे कुणी आधी सांगत नाही. त्याच्यावरचा लेप गेला की रंग टीपकागदासारखा शोषला जातो आणि ठिपके ठिपके दिसतात, मग आपल्याला वाटतं आपलाच हात बिघडला. उरलेले कागद प्लास्टिकमधे घट्ट गुंडाळून, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात वरच्या खणात ठेवा. पॅलेट ओलं असताना बंद करू नका, चार दिवसांत रंगावर बुरशी येते.

एकच डोंगर धरून ठेवा

दर रविवारी नवा गड करण्यापेक्षा एक डोंगर निवडा जो घराच्या गच्चीतून किंवा कामाला जाताना दिसतो. पुण्यात सिंहगड, साताऱ्यात अजिंक्यतारा, नाशकात पांडवलेणीचा डोंगर, ठाण्यात येऊर. ट्रेक नसेल त्या दिवशी त्याचीच एक पत्त्याएवढी चौकट, वेळ आणि हवा लिहून. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान, १९३१ साली वारले, त्यांनी कोटितीर्थ तळ्याचा आणि पंचगंगेचा परिसर परत परत रंगवला, त्यांची चित्रं कुठे बघायला मिळाली तर जरूर बघा, जागा ओळखीची असली की लक्ष उजेडाकडे जातं. माझ्या वहीत सिंहगडाच्या साठ-सत्तर चौकटी आहेत आणि दोन सारख्या नाहीत.

मग रंग घेऊन वर

वीसेक चौकटी आणि पाच-सहा घरची चित्रं झाली की रंग घेऊन चढा. छोटी पॅनची (म्हणजे सुक्या वड्यांच्या रंगांची) पेटी, दांड्यात पाणी भरायचा ब्रश, पोस्टकार्डाचे कागद. बसायची जागा आडोशाची हवी. लोहगडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागे एक दरवाजे आहेत, अशा गडांच्या दरवाजांत पहारेकऱ्यांच्या देवड्या असतात, तिथे बसलं की डोक्यावर छप्पर आणि समोर कमानीतून कापलेलं दृश्य, चौकट आयती मिळते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट सोडून बसा, आणि लोक वाकून बघतील, विचारतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

तिथे चित्र वाळत नाही हे गृहीत धरा. त्यामुळे एकावर एक थर द्यायच्या भानगडीत न पडता सगळं ओल्यावरच, एका बैठकीत, पंधरा मिनिटांत. सर आली आणि चार थेंब पडले तर पडू द्या.

ओलं चित्र खाली आणायला मी सोपी सोय केलीय. टिफिनएवढा प्लास्टिकचा चपटा डबा, त्याच्या तळाला चित्र टेपने चिकटवलेलं, आणि चार कोपऱ्यांना पाण्याच्या बाटलीची चार झाकणं डबल टेपने बसवलेली, त्यावर पुठ्ठा. पुठ्ठा झाकणांवर टेकतो, चित्राला लागत नाही, आणि दुसरं चित्र झालं तर ते त्या पुठ्ठ्यावर. डबा सॅकमधे आडवा ठेवायचा, सगळ्यात वर, आणि उतरताना मित्रमैत्रिणींना आधीच सांगून ठेवायचं की ही सॅक कुणी उभी आपटू नका.